गवताला पातं लावलं नाही

अहो, काल तुमचं तेरावं झालं. माणसं बरीच जेवली. गुरुजी वेळेवर आले, जिलबी गार होती, आणि कुणीतरी तुमच्या फोटोला एवढा जाड हार घातला की तुमची हनुवटीच दिसेना. तुम्ही असतात तर उठून आधी कात्री शोधली असतीत. वाढलेलं काहीही तुम्हाला बघवत नसे.

आता मुद्द्याचं सांगते, कारण तुम्हाला प्रस्तावना आवडत नाही. मैदानावरची तुमची ग्रीन गेली. सगळीच्या सगळी. ज्या गवतासाठी तुम्ही इतकी वर्षं पहाटे स्कूटरला किका मारून अख्ख्या सोसायटीची झोपमोड केलीत, ते गवत तुमच्यामागे पंधरवडासुद्धा टिकलं नाही. काल सगळे गेल्यावर तुमच्या हाताखालचा सुदाम थांबला होता, त्यानं सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि आत जाऊन पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला.

खरं तर मला वाईट वाटायचं कारण नव्हतं. ते गवत माझी सवत आहे असं मी चारचौघांत हसत हसत सांगायचे आणि हसण्याखाली ते खरंच होतं. पण काल ओटा पुसताना जे रडू आलं ते गवतासाठीच आलं. तुमच्यासाठी रडायला अजून नीट जमलेलं नाही. लोक म्हणतात, मोकळी हो. कशी होऊ, ते कुणी सांगत नाही.

कर्वेनगरला राहायला आलो तेव्हा तुम्ही हौसेनं दारावरच्या पाटीवर नावाखाली ‘सुपरिंटेंडेंट’ लिहून घेतलं होतंत. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, “कुठल्या जेलला?” तुम्ही म्हणालात, “गोल्फ कोर्सला.” काकांनी जरा विचार केला. “म्हणजे माळीच ना?” तुम्ही हसून म्हणालात, “हो, जरा मोठा माळी.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कृषी महाविद्यालयातून पहिल्या वर्गात पास झालेला माणूस, आणि माळी! घरात आल्यावर तुम्हीच मला विचारलंत, “काहून चिडतेस शैला? खोटं बोलले का ते?” यवतमाळहून आणलेलं ते ‘काहून’ पुण्यात इतकी वर्षं राहून तुमच्या तोंडून गेलं नाही. आता घरात कुणी ‘काहून’ म्हणणारं नाही.

आपलं लग्न झालं तेव्हा तुम्ही बियाण्यांच्या कंपनीत होतात. मग देशाची दारं उघडली म्हणतात, तसं काहीतरी झालं. दुकानांत परदेशी चॉकलेटं आली, हिंजवडीत काचेच्या इमारती आल्या, आणि धायरीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एका बिल्डरनं टाउनशिप काढून तिच्या मधोमध गोल्फ कोर्स काढला. कंपन्यांचे परदेशी साहेब येणार, त्यांना खेळायला काहीतरी हवं. ज्वारीची जमीन होती ती, सुदामच्या भावकीची. ती गेली आणि तिच्यावरच सुदाम नोकरीला लागला. तुम्ही रुजू झालात तेव्हा तुम्ही गोल्फचा चेंडूही हातात धरलेला नव्हता. नंतरही कधी खेळला नाहीत. विचारलं तर म्हणायचात, “आचाऱ्यानं पंगतीला बसायचं नसतं.”

मामंजी एकदा गावाहून आले होते, आठवतं? तुम्ही त्यांना कौतुकानं कोर्स दाखवायला नेलंत, मीही होते. मशीन गवत कापत होतं, माणसं कापलेलं भरून नेऊन खड्ड्यात टाकत होती. मामंजी बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “बाप्पू, ह्याचं पीक कधी येते?” तुम्ही म्हणालात, “हेच पीक, बाबा. रोज कापायचं.” “अन् खाते कोन?” “कोणी नाही.” मामंजींनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि चहा कुठे मिळतो ते विचारलं. त्या दिवसापासून गावात त्यांनी तुमच्या नोकरीविषयी बोलणंच सोडलं. तुम्हाला ते लागलं होतं. तुम्ही कधी बोलला नाहीत, पण मला कळत होतं.

तुमचं काम मला कुणी समजावून सांगितलं नाही. ते मी ताटावर बसल्या बसल्या, तुमच्या फोनवरच्या अर्धवट बोलण्यातून गोळा केलं. ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीची ती गुळगुळीत जागा, जिथे चेंडू शेवटी हलकेच भोकात ढकलतात. तिथलं गवत दोन नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल, तेवढंच ठेवायचं. एवढं खुडलेलं गवत आपल्या उन्हात जगवायचं म्हणजे तान्ह्या पोराला बाजारात मांडी घालून बसवण्यासारखं आहे. पहाटे त्यावरचं दव लांब बांबू फिरवून झाडायचं, नाहीतर बुरशी धरते. एका जागी साळुंक्या फार टोचायला लागल्या की मुळाशी अळी आहे असं समजायचं. मशीनच्या आवाजावरून पातं बोथट झालेलं ओळखायचं. टाउनशिपचं सांडपाणी शुद्ध करून गवताला देतात, त्यानं जमिनीत क्षार साठतात, म्हणून तुम्ही चिमूटभर माती जिभेवर ठेवून बघायचात आणि मी “शी!” म्हणायचे. वैशाखात दुपारी ग्रीनवर हातानं, पाइपाला बोट लावून, अगदी थोडं पाणी मारायचं. “हे प्यायचं पाणी नाही,” तुम्ही फोनवर ओरडायचात, “तोंडावर मारायचं पाणी आहे! भिजवू नकोस!”

आणि माणसं. गवतापेक्षा माणसं सांभाळणं जड, असं तुम्ही म्हणायचात. मेंबर लोकांना रविवारी चेंडू बर्फावरून घसरल्यासारखा पळायला हवा असायचा, म्हणजे गवत आणखी खाली कापा. तुम्ही बड्या बड्या लोकांना तोंडावर नाही म्हणायचात. घरात मला भाजीत मीठ कमी आहे म्हणायला घाबरणारा माणूस!

स्वारगेटच्या सिग्नलची गोष्ट मी आपल्या लेकीला, मनूला, शंभरदा सांगितली असेल. दुभाजकावर महापालिकेनं नवीन हिरवळ लावली होती. तुम्ही स्कूटर थांबवलीत, मला हॅंडल धरायला लावलंत, आणि जाऊन गवताचा एक पुंजका उपटून मुळं बघत बसलात. सिग्नल सुटला. मागून बस, रिक्षा, सगळे बोंबलताहेत, आणि मी साडी सावरत एक स्कूटर धरून उभी. परत येऊन म्हणालात, “खाली मातीच नाही, नुसता राडारोडा. दोन महिन्यांत मरणार.” मी म्हटलं, त्याआधी आपण मरू. तेव्हा ते हसण्यावारी गेलं.

आपलं खरं भांडण पाण्यावरून नव्हतं, वेळेवरूनही नव्हतं. सोसायटीत टॅंकर आला की लोक मला टोमणे मारायचे, ते मी परतवायचे. सणासुदीला तुम्ही नसायचात, तेही मी पचवलं. भांडण एकाच गोष्टीवरून होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मी शाळेत शिकवणारी बाई. रोज सकाळी चहाच्या वेळी मी ऐकायचे: “सुदाम, आज दोनदा पाणी.” “सुदाम, आज पाणी नको.” “सुदाम, पातं वर घे. वर घे म्हणतो ना!” कधीही, एकदाही, ‘कारण’ हा शब्द नाही. मी म्हणायचे, अहो, का ते सांगा की त्याला. उद्या तुम्ही नसाल तेव्हा तो काय करेल?

मनूचंही तेच म्हणणं होतं, तिच्या भाषेत. “बाबा, तू हे सगळं एक्सेलमध्ये टाक ना. सिम्पल आहे. इफ धिस, देन दॅट.” तुम्ही तिला म्हणालात, “गवत एक्सेलमध्ये उगवत नाही, बेटा.” तिनं डोळे फिरवले. मला मात्र तुम्ही एकदा नीट उत्तर दिलं होतंत, ते मान्य करायला हवं. म्हणालात, “कारण सांगितलं की माणूस गवताकडे बघणं सोडतो आणि कारणाकडे बघत बसतो. सुदाम बघून बघून शिकेल. मीही तसाच शिकलो.” मी म्हटलं, “आणि तोवर?” तुम्ही म्हणालात, “तोवर मी आहे ना. मी कुठे जातोय?”

कुठे गेलात?

त्या दिवशी तुम्ही दुपारी जेवायला घरी आलात, हेच नवल होतं. ऊन इतकं होतं की गॅलरीतली फरशी पायाला चटके देत होती. ताक प्यायलात, शर्ट काढून पंख्याखाली आडवे झालात आणि म्हणालात, “चारला उठव. तोंडावर पाणी मारायचंय त्यांच्या.” मी चारला हाक मारली. मग हात लावला. त्यानंतरचं मला सलग आठवत नाही, आणि आठवायचंही नाही.

माणसं मात्र आठवतात. तासाभरात तुमची सगळी माणसं जिन्यात उभी होती. मातीच्या पायांनी, कामावरच्या कपड्यांत, टेम्पोत बसून तशीच आली होती. सुदामनं पुढचा खांदा दिला. कुणी भावाला नेणार नाही इतक्या मायेनं त्यांनी तुम्हाला नेलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, या माणसानं काहीतरी कमावलं. त्या वेळी कोर्सवर पाइपाला बोट लावून उभं राहायला एकही माणूस नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही. कुणालाच कळलं नाही.

पुढचं सुदामनं काल सांगितलं. खुर्ची दिली तरी तो खाली बसला, तुमच्या फोटोसमोर, भिंतीला टेकून. म्हणाला, “वैनी, आमच्यात कर्ता मानूस गेला की तिसरा होस्तवर रानात औत घालत न्हाईत. बैल सोडत न्हाईत दावनीचं. म्या पोरास्नी म्हनलं, सायबांनी ह्ये गवात लेकरावानी वाडीवलं. तवा ह्याला तीन दिस पातं लावायचं न्हाई. ह्याचा पंप बी बंद. कुनी पाय ठिवायचा न्हाई.”

ऐकलंत? तुमच्यासाठी त्यांनी गवताला दुखवटा पाळायला लावला. वैशाखात. वरच्या ऑफिसनं एक दिवस सुट्टी दिली, पुढे कुणी चौकशीच केली नाही. तिथले साहेब कंप्यूटरवर बघत होते. त्यात मोठ्या मैदानाचे फवारे आपोआप चालू होत होते आणि सगळं ठीक दिसत होतं. ग्रीनचं पाणी तुम्ही हातानं ठेवलं होतंत, ते कंप्यूटरला कुठून कळणार?

पहिल्या दुपारीच गवत मान टाकायला लागलं होतं. तरी काही जागी ते तगलं आणि वाढलं. तिसऱ्या दिवशी सावडणं आटोपून ते सगळे कोर्सवर गेले. सुदामनं मशीन बाहेर काढलं, हात जोडले आणि नेहमीच्याच मापावर पातं ठेवून कापलं. नेहमीच्याच मापावर, अहो! तुम्ही पाऊस लागून दोन दिवस कापणं राहिलं तरी पातं वर घ्यायला लावायचात आणि मग रोज थोडं थोडं खाली आणायचात. मलासुद्धा हे माहीत आहे, कारण मी पोहे परतताना हजारदा ऐकलंय. पण का, ते मला माहीत नव्हतं. मनूनं काल शोधून वाचून दाखवलं. वाढलेलं गवत एकदम मुळापर्यंत उतरवलं की हिरवं सगळं जातं आणि खालचे वाळके धांडे उरतात. सुदामला हे कसं माहीत असणार? “पातं वर घे” म्हणणारा फोन त्या दिवशी आला नाही.

“सगळं पिवळं झालं, वैनी. मंग म्या घाबारलो. म्हनलं, पान्यानं येईल. पंप सोडला, रातंदिस सोडला.” आणि त्या उन्हात साचलेल्या पाण्यात जे उरलं होतं तेही शिजलं. त्यानं वासाचं सांगितलं. कुजक्या कोबीसारखा वास येतोय म्हणाला, लांबून येतो.

कंपनीला कोर्स बंद करून तिथे आयटीचे टॉवर बांधायचे आहेत, हे तुम्ही मला कधीपासून सांगत होतात. “मेंबर लोक ऐकत नाहीत तोवर काही होत नाही,” म्हणायचात, “आणि ग्रीन चांगली आहेत तोवर मेंबर ऐकत नाहीत.” म्हणून या वयात तुम्ही उन्हातान्हात धावत होतात. परवा मीटिंग झाली. मोठ्या पडद्यावर ग्रीनचे फोटो दाखवले म्हणे. एकही मेंबर उठून बोलला नाही. सुदामची आणि बाकीच्यांची सोय टाउनशिपच्या सिक्युरिटीत करणार आहेत. सुदाम गेटवर शिट्टी घेऊन उभा राहील, त्याच्याच आजोबांच्या जमिनीच्या तोंडाशी.

मधेच एक सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. एका रविवारी सकाळी, मेंबर यायच्या आधी, तुम्ही मला तिथे नेलं होतंत. म्हणालात, “चप्पल काढ.” मी नको नको म्हणत काढली. पायाखाली ते गार, दाट, एकसारखं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या मुलासारखे. मी म्हटलं, “ठीक आहे.” आम्हा पुणेकरांकडे यापेक्षा मोठं कौतुक नसतं, हे तुम्हाला माहीत होतं. तरी सांगते. ते फार सुंदर होतं, अहो. असं काही मी त्याआधी पायाला लावलं नव्हतं. आता तिथे लावायलाही काही उरलेलं नाही.

तर काल. सुदाम मान खाली घालून बसला होता. म्हणाला, “वैनी, आमी मारलं. सायबांनी इतकी वर्सं जगवलं आन् म्या चार दिसांत मारलं. मला काय सुदारत न्हाई.” तो रोज तिथे जाऊन बसतो म्हणे, मेलेल्या ग्रीनच्या कडेला. जेवत नाही, त्याच्या बायकोनं मला फोनवर आधीच सांगितलं होतं.

मी तुमच्या फोटोकडे बघितलं. मग बोलले. मनूसमोर, सुदामसमोर, तुमच्यासमोर. “सुदाम, चूक तुमची नाही. साहेबांची आहे. त्यांनी तुम्हाला कारण सांगायला हवं होतं. का कापायचं, का थांबायचं, पातं का वर घ्यायचं, सगळं. एवढ्या वर्षांत नाही सांगितलं. नुसते हुकूम सोडत राहिले आणि निघून गेले. तुम्ही प्रेमानं केलंत. त्यांनी तुम्हाला आंधळं ठेवलं.”

मनू म्हणाली, “आई, प्लीज.” मी थांबले नाही. म्हटलं, “मी त्यांना हे कैक वेळा सांगितलं होतं. माझं बरोबर होतं.” माझं बरोबर होतं, अहो. इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले. ते जिंकून असं होईल असं वाटलं नव्हतं.

सुदामनं मान वर केली. मला वाटलं, जरा सैल होईल, रडेल. त्याच्या डोळ्यांत राग होता. माझ्यावरचा. म्हणाला, “आसं बोलू नगा वैनी. काय बी म्हना, सायेब चुकायचं न्हाईत. आमालाच अक्कल न्हाई.” उठला, तुमच्या फोटोला हात जोडले, माझ्याकडे न बघता निघाला. मी जिन्यापर्यंत गेले. खालच्या पायरीवर तो चपला घालत होता, आणि मधेच हात थांबवून तसाच बसून राहिला. मग उठून गेला.

मी जन्मभर चाळीस चाळीस पोरांच्या वर्गाला न पटणाऱ्या गोष्टी पटवल्या आणि या एका माणसाला पटवू शकले नाही. उद्या पुन्हा सांगेन, त्याच्या घरी जाऊन सांगेन, मनू तिच्या पद्धतीनं सांगेल. तो मान हलवेल आणि पुन्हा त्या जागी जाऊन बसेल. त्याला कोण बरोबर आणि कोण चूक हे आजवर एकाच माणसानं सांगितलंय. “सुदाम, माझं चुकलं” एवढं तुम्ही म्हणाला असतात, तर त्यानं लगेच मानलं असतं. माझ्या तोंडून तो ते मानत नाही.